हकालपट्टी आणि सामना-बहाली : हौशी सॉफ्टबॉलमधील पंचाच्या अधिकाराचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

न्यायालयात फिर्याद एकाने करावयाची, पुरावा दुसऱ्याने द्यावयाचा, निर्णय तिसऱ्याने सांगावयाचा आणि त्या निर्णयावरही वरिष्ठ न्यायालयात दाद मागता यावयाची, अशी व्यवस्था असते. क्रीडांगणावर या सर्व भूमिका एकाच माणसाकडे येतात. पंच स्वतः अपराध पाहतो, स्वतःच तो अपराध आहे असे ठरवतो, शिक्षा सांगतो आणि ती तत्काळ अंमलात आणतो. एवढ्यावरच हे थांबत नाही. पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध अपराध घडला तो माणूसही पंच स्वतःच असतो. कारण मैदानावर उच्चारले जाणारे बहुतेक अपशब्द त्यालाच उद्देशून असतात. ‘कोणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश असू नये’ या नैसर्गिक न्यायाच्या मूलतत्त्वाशी ही स्थिती उघडपणे विसंगत आहे. आणि तरीही तिच्यावाचून खेळ चालू शकत नाही.

पंचाच्या हाती असलेल्या शिक्षांपैकी दोन सर्वांत कठोर होत. पहिली, खेळाडूस अगर संघाच्या मार्गदर्शकास त्या सामन्यातून बाहेर घालवणे. हिला मूळ नियमांत ‘इजेक्शन’ म्हणतात व प्रस्तुत लेखात ‘हकालपट्टी’ म्हटले आहे. दुसरी, एका संघाच्या दोषामुळे सामनाच संपवून तो प्रतिपक्षास बहाल करणे. हिला मूळ नियमांत ‘फॉरफिट’ म्हणतात, येथे ‘सामना-बहाली’ हा शब्द योजिला आहे. आपल्याकडील ‘पुढे चाल’ हा शब्द तिच्या एका प्रकारापुरताच, म्हणजे संघ मैदानावर आलाच नाही एवढ्यापुरताच, लागू पडतो.

या दोन शिक्षांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत. हकालपट्टी ही खेळ चालू राहावा म्हणून असते. सामना-बहाली ही खेळ चालू राहणे अशक्य झाले याची कबुली असते. व्यावसायिक खेळात या दोहोंमध्ये मोठे अंतर असते. हौशी खेळात मात्र हे अंतर कित्येकदा एका खेळाडूइतकेच उरते. अमेरिकेतील हौशी सॉफ्टबॉलचे उदाहरण घेऊन हे अंतर कसे नाहीसे होते आणि त्यामुळे पंचावर कोणती जबाबदारी येते, हे पाहण्याचा येथे उद्देश आहे.

२. खेळ व त्याची संघटना

सॉफ्टबॉलचा जन्म शिकागो येथे १८८७ साली, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, फॅरगट बोट क्लबच्या इमारतीत झाला असे मानले जाते. जॉर्ज हॅनकॉक यांनी बंदिस्त जागेत खेळण्याजोगे बेसबॉलचे हे लहान रूप रचले. पुढे हा खेळ उघड्या मैदानावर आला, १९२६ मध्ये त्यास ‘सॉफ्टबॉल’ हे नाव सुचविले गेले, आणि १९३३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या स्पर्धेच्या निमित्ताने अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन ही संस्था उभी राहिली. २०१७ पासून ती ‘यूएसए सॉफ्टबॉल’ या नावाने ओळखली जाते. तिच्या नियमपुस्तकाच्या आधारे, त्यात स्थानिक फेरफार करून, नगरपालिकांचे उद्यानविभाग, गिरण्या-कचेऱ्यांचे संघ व चर्चसंस्था आपापल्या लीगा चालवितात. भारतात सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात हा खेळ शाळा-महाविद्यालयांतून चांगला रुजला आहे. परंतु प्रौढांनी कामावरून सुटल्यावर संध्याकाळी खेळावयाचा खेळ हे त्याचे रूप प्रामुख्याने अमेरिकेचेच आहे.

या सायंकालीन खेळात बहुधा ‘स्लो-पिच’ हा प्रकार खेळला जातो. त्यात चेंडू हाताखालून, कमान घेऊन, सावकाश टाकला जातो. प्रत्येक बाजूस दहा खेळाडू असतात आणि सामना सात डावांचा असतो. एका मैदानावर एकाच संध्याकाळी तीन-चार सामने एकामागून एक लावलेले असल्यामुळे प्रत्येकास वेळेची मर्यादा असते. पंच एक किंवा फार तर दोन असतात. हे पंच त्याच गावचे रहिवासी असतात; दिवसा दुसरा व्यवसाय करतात आणि प्रत्येक सामन्यामागे ठरावीक मानधन घेतात. त्यांच्या फिकट निळ्या सदऱ्यामुळे खेळाडू त्यांना ‘ब्लू’ अशी हाक मारतात. या हाकेत सलगी आणि तुच्छता यांचे प्रमाण प्रसंगानुसार बदलते.

या वर्णनातील तीन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, पंच एकटा असतो. त्याच्या साहाय्यास ना दूरचित्रवाणीची फीत, ना पोलिसांचा बंदोबस्त. दुसरी, तोच पंच आणि तेच संघ पुढच्या आठवड्यात पुन्हा समोरासमोर येणार असतात. तिसरी, संघाचे संख्याबळ अनिश्चित असते. यादीवर पंधरा नावे असली तरी एखाद्या संध्याकाळी कोणाची रात्रपाळी असते, कोणाचे मूल आजारी असते, आणि मैदानावर बरोबर दहाच माणसे हजर होतात.

३. हकालपट्टी : कारणे व पायऱ्या

हकालपट्टीस पात्र असे अपराध दोन वर्गांत पडतात. पहिल्या वर्गात पंचाच्या विवेकास फारसा वाव नसतो. पंचाच्या अंगावर हात टाकणे, त्यास ढकलणे, प्रतिपक्षाच्या खेळाडूशी मारामारी करणे, चेंडू अडवून उभ्या असलेल्या खेळाडूस हेतुपुरस्सर जोराची धडक देणे, रागाने बॅट भिरकावणे, हे अपराध घडले की इशाऱ्याची पायरी येतच नाही. दुसरा वर्ग शब्दांचा आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे. पंचाच्या निर्णयाबद्दल नाराजी व्यक्त करणे हा खेळाचा जणू एक भागच आहे; ती नाराजी अपराध केव्हा होते?

अमेरिकन पंचांच्या प्रशिक्षणात यासाठी एक साधी कसोटी रूढ आहे. नाराजीचे शब्द व्यक्तीवर गेले काय, ते शिवराळ झाले काय, आणि ते लांबत चालले काय, असे तीन प्रश्न पंचाने स्वतःस विचारावेत. ‘हा चेंडू फार बाहेर होता’ हे वाक्य चेंडूविषयी आहे. ‘तुम्ही आंधळे आहात’ हे वाक्य पंचाविषयी आहे. पहिले वाक्य मोठ्याने उच्चारले तरी सहन करावयाचे, दुसरे हळू आवाजात उच्चारले तरी दखलपात्र. आणि पहिलेच वाक्य प्रत्येक चेंडूनंतर उच्चारले जाऊ लागले तर त्यातील मजकूर निर्दोष असूनही त्यामुळे खेळात व्यत्यय येतो. म्हणून तेही दखलपात्र. या कसोटीचे महत्त्व असे की ती पंचाच्या दुखावलेल्या मनाचे माप घेत नाही, उच्चारलेल्या शब्दाचे माप घेते. स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होण्याचा प्रसंग ज्याच्यावर टळत नाही, त्यास निदान मोजपट्टी तरी स्वतःच्या बाहेरची मिळते.

दुसरे बंधन पायऱ्यांचे आहे. चार पायऱ्या सांगितल्या जातात : दुर्लक्ष करणे, ऐकले असल्याचे दर्शविणे, इशारा देणे आणि घालवून देणे. बाद झालेला फलंदाज परत जाताना स्वतःशीच काही पुटपुटतो, तिकडे दुर्लक्ष करावयाचे. पुन्हा तेच आले तर त्याच्याकडे एकवार पाहून, ‘ऐकले, आता पुरे,’ एवढेच सांगावयाचे. त्यानंतर स्पष्ट इशारा, आणि तो सर्वांस समजेल असा. मग हकालपट्टी. इशारा देताना ‘आणखी एक शब्द काढाल तर...’ अशी अट घालू नये असेही शिकविले जाते. कारण अशी अट घातली की पुढचा निर्णय पंचाच्या हाती न राहता खेळाडूच्या हाती जातो. त्याने एखादा निरुपद्रवी शब्द उच्चारला तरी पंचास एक तर त्या शब्दासाठी त्यास घालवावे लागते, नाही तर आपला शब्द मागे घ्यावा लागतो. दोहोंपैकी कशानेही त्याचे वजन वाढत नाही.

हकालपट्टीची कृतीही नियमबद्ध आहे. चेंडू खेळात असेल तर चाललेली खेळी पूर्ण होऊ द्यावयाची, कारण एकाच्या अपराधामुळे प्रतिपक्षाची धाव अगर बळी बुडू नये. मग खेळ थांबवून खेळाडूस व त्याच्या व्यवस्थापकास निर्णय सांगावयाचा. हातवारे मोठे करावयाचे नाहीत, पाठ फिरवून निघालेल्या खेळाडूच्या मागे जावयाचे नाही, आणि सांगून झाल्यावर वाद घालीत उभे राहावयाचे नाही. दुसरा पंच असल्यास त्याने मध्ये येऊन खेळाडूस दूर न्यावे. ज्याच्याशी भांडण झाले त्यानेच समजूत घालावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावास धरून नाही. डाव कोणता, शब्द कोणते, इशारा कधी दिला होता, हे त्याच वेळी टिपून ठेवावयाचे व सामन्यानंतर लीगकडे लेखी अहवाल द्यावयाचा.

या अहवालास विशेष महत्त्व आहे. पंचाचा दंडाधिकार त्या सामन्यापुरताच असतो. पुढील सामन्यांतून खेळाडूस वगळावयाचे की काय, हे लीग अगर तिची समिती ठरवते. आरोप करणारा आणि दीर्घ शिक्षा देणारा यांत येथे फरक केला गेला आहे, आणि प्रारंभी ज्या विसंगतीचा उल्लेख केला तिची तीव्रता त्यामुळे पुष्कळ कमी होते. अंगावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली तर प्रकरण खऱ्याखुऱ्या न्यायालयातही जाते. कॅलिफोर्निया राज्याच्या दंडसंहितेत, संघटित क्रीडासामन्यातील पंचावर त्याच्या कामाच्या संदर्भात हात टाकणाऱ्यास २,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत स्थानबद्धता, अगर दोन्ही, अशी स्वतंत्र तरतूद आहे. हौशी सामनेही तिच्या कक्षेत येतात.

४. सामना-बहाली : कारणे व परिणाम

सामना बहाल करण्याचा अधिकार होम प्लेटमागे उभ्या असलेल्या मुख्य पंचाकडे असतो. त्याची कारणे नियमपुस्तकात मोजून दिलेली आहेत. संघ नियत वेळेपर्यंत मैदानावर आला नाही, किंवा येऊनही खेळण्यास त्याने नकार दिला; खेळ चालू असता तो पुढे खेळण्यास तयार नाही; थांबविलेला खेळ पुन्हा सुरू करण्याची आज्ञा झाल्यावर दोन मिनिटांत तो जागेवर आला नाही; खेळ लांबविण्याचे अगर घाईने उरकण्याचे उघड डावपेच त्याने चालविले; पंचाने इशारा दिल्यावरही तो नियम बुद्ध्या मोडीत राहिला; घालवून दिलेला खेळाडू एका मिनिटात निघून गेला नाही; घालवून दिलेला खेळाडू पुन्हा खेळताना आढळला; किंवा हकालपट्टीमुळे अगर अन्य कारणाने संघात आवश्यक तेवढे खेळाडू उरले नाहीत.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट दिसून येते. बहालीस कारणीभूत होणारा अपराध बहुतांशी नकाराचा आहे : येण्यास नकार, खेळण्यास नकार, आज्ञा पाळण्यास नकार. केवळ वाईट वर्तनाची शिक्षा हकालपट्टी ही आहे. त्या शिक्षेला जुमानण्याचे नाकारणे, ही बहालीची पायरी होय. म्हणजे बहाली ही मोठ्या अपराधाची मोठी शिक्षा नसून, शिक्षा चालेनाशी झाल्यावर उरणारा शेवटचा उपाय आहे.

बहाल केलेल्या सामन्याची नोंद सामान्यतः ७–० अशी होते. सात डाव, प्रत्येकी एक धाव, असा तिचा अर्थ. बेसबॉलमध्ये नऊ डावांच्या हिशेबाने ती ९–० अशी असते. परंतु या आकड्यांनी जिंकणाऱ्याचे समाधान होत नाही. हौशी संघाने वर्गणी भरलेली असते ती खेळण्यासाठी. कामावरून थेट मैदानावर येऊन, डबा गाडीतच ठेवून, तो सामन्याची वाट पाहत उभा असतो. त्यास सामना न मिळता गुण मिळतात. सामना-बहालीत अपराधी संघ हरतो हे खरे, पण निरपराध संघाचेही काही हरवते.

या बाबतीत महाराष्ट्राच्या क्रिकेट-इतिहासातील एक प्रसंग अभ्यासकांना स्मरत असेल. डिसेंबर १९४८ मध्ये पुणे येथे रणजी करंडक स्पर्धेत महाराष्ट्र व काठेवाड यांचा सामना चालला असता काठेवाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. त्या वेळी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील तेव्हाचा उच्चांक ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा होता. तेथे पंचाने कोणास शिक्षा केली नव्हती. एका पक्षाने आपण होऊन माघार घेतली होती. तरीही परिणामाच्या दृष्टीने प्रसंग बोधक आहे. ज्या पक्षाकडे दोषाचा लवलेश नव्हता, त्याच पक्षाच्या फलंदाजास नऊ धावांच्या अंतरावर थांबावे लागले. विजय महाराष्ट्रास मिळाला. पण खेळण्याची संधी गेली ती गेलीच.

५. दोहोंमधील दुवा

आता मूळ मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. सॉफ्टबॉलमध्ये घालवून दिलेल्या खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू येऊ शकतो. फुटबॉलमध्ये लाल पत्रक मिळालेल्या खेळाडूची जागा रिकामी राहते. सॉफ्टबॉलमध्ये ती भरता येते. त्यामुळे, राखीव खेळाडू असतील तर, हकालपट्टी ही केवळ व्यक्तीची शिक्षा ठरते. पण राखीव खेळाडूच नसेल तर काय?

यूएसए सॉफ्टबॉलच्या परंपरेतील नियम येथे मोठा भेद करतो. एखादा खेळाडू दुखापतीमुळे अगर घरच्या निकडीमुळे निघून गेला व त्याच्या जागी कोणी नसेल, तर संघास एक खेळाडू कमी घेऊन सामना पुरा करता येतो. मात्र फलंदाजीच्या क्रमात त्या रिकाम्या जागेची पाळी आली की प्रत्येक वेळी एक फलंदाज बाद धरला जातो. हीच सवलत हकालपट्टीमुळे जागा रिकामी झाली असता मिळत नाही. तेथे सामना संपतो व प्रतिपक्षास बहाल होतो.

या नियमामागील तर्क समजण्याजोगा आहे. दुखापत हे दुर्दैव आहे, हकालपट्टी हे कर्मफल आहे. दुर्दैवाला सवलत द्यावी, कर्मफलाला देऊ नये. परंतु ते फळ भोगतो कोण, हा प्रश्न उरतोच. दोन संघांची कल्पना करावी. एकाकडे चौदा खेळाडू आहेत, दुसऱ्याकडे दहा. दोन्ही संघांतील एकेका खेळाडूने पंचास तोच अपशब्द वापरला, आणि पंचाने दोघांनाही नियमाप्रमाणे घालवून दिले. पहिला संघ एक राखीव खेळाडू उतरवून खेळू लागतो. दुसऱ्या संघातील नऊ निरपराध माणसे बॅटी गोळा करून घरी जातात, आणि त्यांच्याबरोबर प्रतिपक्षाची दहा माणसेही. अपराध एक, नियम एक, पंच एक. शिक्षा मात्र दोन.

पंचापुढील पेच येथे उभा राहतो. दुसऱ्या संघाकडे राखीव खेळाडू नाहीत हे ध्यानात घेऊन त्याने अपशब्द पोटात घातला, तर अपुऱ्या संख्येने येणाऱ्या संघास शिवीगाळीचा परवाना मिळतो. आणि चौदा खेळाडू घेऊन, शिस्तीने, वेळेवर येणाऱ्या संघावर अन्याय होतो. ध्यानात न घेता त्याने हकालपट्टी केली, तर एकाच्या जिभेसाठी एकोणीस जणांची संध्याकाळ बुडते. दोन्ही मार्गांनी काही तरी अन्याय्य घडते असे प्रथमदर्शनी वाटते.

प्रस्तुत लेखकाच्या मते या पेचाची उकल पायऱ्यांच्या कल्पनेत आहे. अपराध घडला की नाही, हे ठरविताना पंचाने संघाचे संख्याबळ मनात आणता कामा नये. तो प्रश्न शब्दाचा आहे, बाकावर बसलेल्या माणसांचा नाही. परंतु अपराध घडू नये म्हणून त्यापूर्वी जे करावयाचे, त्यात संख्याबळाचा विचार करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. सामन्यापूर्वी दोन्ही व्यवस्थापक खेळाडूंच्या याद्या पंचाच्या हाती देतात. कोणत्या संघाकडे राखीव खेळाडू नाहीत हे त्यास तेव्हाच कळते. अशा संघाचा एखादा खेळाडू तापू लागला की पंचाने इशारा त्यास एकट्यास न देता त्याच्या व्यवस्थापकासही सांगावा : तुमच्याकडे दहाच माणसे आहेत, यास आवरा. ज्या नऊ जणांचा सामना जाणार आहे त्यांच्याइतका त्या दहाव्यास आवरण्यात कोणाचा स्वार्थ असणार? पंचाच्या शब्दापेक्षा सोबत्यांचा शब्द अशा वेळी लवकर मानला जातो. सामूहिक शिक्षेत अन्याय आहे हे खरेच. पण तिची पूर्वसूचना मिळाली तर तीच सामूहिक शिक्षा सामूहिक संयमाचे साधन होते.

काही लीगांनी आणखी एक मार्ग स्वीकारलेला आढळतो. हकालपट्टीनंतरही त्या एकपक्षी कमी संख्येने खेळू देतात व रिकाम्या जागेच्या प्रत्येक पाळीस एक बाद धरतात. यात शिक्षेची झळ संघास बसते, परंतु सामना जिवंत राहतो व प्रतिपक्षाचा खेळण्याचा हक्क अबाधित राहतो. मारामारीसारख्या अपराधास ही सवलत देऊ नये. पण केवळ शब्दांच्या अपराधापुरती ती अधिक प्रमाणबद्ध वाटते. हौशी खेळाचा हेतू खेळणे हाच असेल, तर त्याचे नियम शक्यतो खेळ वाचविणारेच असले पाहिजेत.

६. दाद मागण्याचा हक्क व त्याची मर्यादा

पंच चुकला असेल तर काय, असा आक्षेप येथे निघू शकेल. सॉफ्टबॉलमध्ये त्यासाठी ‘प्रोटेस्ट’ची, म्हणजे लेखी तक्रारीची, सोय आहे. मात्र ती पंचाच्या नजरेविरुद्ध नसते. धावणारा खेळाडू चेंडूआधी बेसवर पोचला की नंतर, चेंडू योग्य जागेवरून गेला की नाही, हे निर्णय अंतिम होत. नियमाचा अर्थ लावण्यात अगर तो लागू करण्यात पंच चुकला असेल, तर पुढचा चेंडू टाकला जाण्यापूर्वी व्यवस्थापकाने तसे पंचास कळवावयाचे असते. तक्रार नोंदवून खेळ पुढे चालतो, आणि ती मान्य झाल्यास त्या क्षणापासून सामना पुन्हा खेळविता येतो. वस्तुस्थितीचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न हा न्यायशास्त्रातील परिचित भेद येथे मातीत आखलेला दिसतो.

या व्यवस्थेचे मर्म ‘खेळ पुढे चालतो’ या शब्दांत आहे. तक्रारीचा हक्क खेळणाऱ्याचा आहे; खेळण्याचे नाकारणारा तो गमावतो. मोठ्या मैदानांवरील दोन प्रसंग याची साक्ष देतात.

१५ सप्टेंबर १९७७ रोजी टोरोंटो येथे बॅल्टिमोर ओरिओल्सचे व्यवस्थापक अर्ल वीव्हर यांनी, मैदानाच्या कडेस गोलंदाजांच्या सरावाच्या जागेवर अंथरलेल्या ताडपत्रीमुळे आपल्या खेळाडूंना इजा होईल, असा आक्षेप घेतला. पंच मार्टी स्प्रिंगस्टेड यांनी तो मान्य केला नाही. वीव्हर यांनी संघ मैदानाबाहेर नेला, आणि सामना टोरोंटोस बहाल झाला. आक्षेप बरोबर होता की चूक, हा प्रश्न त्या क्षणी गैरलागू झाला. तक्रार नोंदवून ते खेळत राहिले असते, तर तो प्रश्न जिवंत राहिला असता.

दुसरा प्रसंग क्रिकेटमधील, आणि अधिक गुंतागुंतीचा. २० ऑगस्ट २००६ रोजी लंडनमधील ओव्हल मैदानावर पंच डॅरेल हेअर व बिली डॉक्ट्रोव्ह यांनी पाकिस्तानच्या संघाने चेंडूची अवस्था बदलल्याचे ठरवून इंग्लंडला पाच दंड-धावा दिल्या. निषेधार्थ पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेवर मैदानात उतरला नाही, आणि पंचांनी सामना इंग्लंडला बहाल केला. कसोटी क्रिकेटमधील अशा निकालाचे हे एकमेव उदाहरण होय. पुढील महिन्यात झालेल्या चौकशीत चेंडूसंबंधीचा आरोप सिद्ध झाला नाही. कर्णधार इंझमाम-उल-हक यांच्यावर खेळास कमीपणा आणल्याबद्दल चार एकदिवसीय सामन्यांची बंदी मात्र आली. जुलै २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने सामन्याचा निकाल ‘अनिर्णित’ असा बदलला. नियमांची धनी असलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबने त्यास हरकत घेतली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये मूळ निकाल पुन्हा कायम झाला. मूळ आरोपातून मुक्त झालेला संघही नकारातून मुक्त होऊ शकला नाही, हा या प्रकरणाचा निष्कर्ष आहे. त्याचबरोबर, अशा निकालाची जखम पंचाच्या एका निर्णयाने भरून येत नाही, हेही त्यातून दिसते.

विशेष हे की क्रिकेटच्या नियमकारांना पुढे हकालपट्टीची गरज भासली. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झालेल्या संहितेत खेळाडूंच्या वर्तनाविषयीच्या ४२ व्या नियमाने अपराधांच्या चार श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत प्रथम इशारा व पुनरावृत्ती झाल्यास पाच दंड-धावा, दुसऱ्या श्रेणीत लागलीच दंड-धावा, तिसऱ्या श्रेणीत काही षटकांपुरते मैदानाबाहेर जाणे आणि चौथ्या श्रेणीत उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी. यात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. खेळाडूस मैदानाबाहेर पाठविण्याची आज्ञा पंच कर्णधारास देतात. आणि कर्णधाराने ती पाळण्याचे नाकारल्यास सामना प्रतिपक्षास बहाल होतो. म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये पंच आपल्या कौशल्याने व्यवस्थापकास मध्ये घेतो, तेच क्रिकेटच्या नियमाने शब्दांत लिहून ठेवले आहे. व्यक्तीचा अपराध संघाच्या प्रमुखाकडून जातो. प्रमुखाने तो आपलासा केला तरच संपूर्ण संघ त्यास जबाबदार होतो. सामूहिक शिक्षेचे याहून चांगले समर्थन करणे कठीण आहे. राखीव खेळाडू नाही म्हणून हरणाऱ्या सॉफ्टबॉल-संघाच्या बाबतीत हे समर्थन लागू पडत नाही, कारण तेथे व्यवस्थापकाने कोणताच नकार दिलेला नसतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला, हकालपट्टी व सामना-बहाली या एकाच शिक्षेच्या लहानमोठ्या मात्रा नव्हेत. पहिली वर्तनाबद्दल आहे, दुसरी नकाराबद्दल. दुसरा, हौशी सॉफ्टबॉलमध्ये संख्याबळाच्या नियमामुळे पहिलीचे रूपांतर दुसरीत आपोआप होते, आणि तेथे नकार न देणाऱ्यांनाही नकाराची शिक्षा भोगावी लागते. या नियमाचा पुनर्विचार होणे इष्ट आहे. तिसरा, तो होईपर्यंत भार पंचाच्या शहाणपणावर पडतो, आणि ते शहाणपण निर्णयाच्या क्षणी दाखवावयाचे नसून त्याच्या आधी दाखवावयाचे असते.

पंचाच्या अधिकाराची कसोटी त्याने किती जणांना घालवून दिले यावर लागत नाही, आणि कोणालाच घालवले नाही यावरही लागत नाही. संध्याकाळच्या शेवटी दोन्ही संघ सात डाव खेळून घरी गेले काय, आणि न गेले तर ते टाळण्यासारखे होते काय, एवढेच विचारावयाचे. न्यायदानाच्या इतर क्षेत्रांतही, शिक्षेची तीव्रता ठरविण्याइतकाच विचार ती कोणावर जाऊन पडते याचा व्हावयास हवा. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात खेळल्या जाणाऱ्या या साध्या खेळाकडून अभ्यासकाने घ्यावयाचा धडा तो हाच.